चिंचेने धुतलेले सिंह

तुमच्या खिशात या क्षणी जे आठ आण्यांचं नाणं आहे, त्याच्या दोन्ही बाजू तुम्ही शेवटच्या कधी पाहिल्या होत्या? "एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला आकडा" असं घाईघाईनं सांगू नका, ते पहिलीतलं मूलही सांगेल. मी तुमच्या खिशातल्या नाण्याबद्दल विचारतेय. नाही पाहिल्यात ना? मीही पाहिल्या नव्हत्या. आणि म्हणूनच गेल्या वर्षी मी माझ्या सख्ख्या वडिलांना भर चौकात, टाळ्यांच्या गजरात, साठेबाज म्हणून जाहीर केलं.

आता मी अशी का, हे आधी सांगायला हवं. माझा मामा छापखान्यात खिळे जुळवायचा आणि उरलेली पत्रकं आमच्याकडे आणून टाकायचा. त्यामुळे मी 'कमळ' आणि 'बदक' वाचायच्या आधी 'बंधू-भगिनींनो' आणि 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. वयाच्या नवव्या वर्षी मी आईला लेखी निवेदन दिलं होतं. (मागणी क्रमांक एक: रविवारी सुकटीऐवजी ताजे मासे. मागणी क्रमांक दोन: केस विंचरताना ओढू नयेत.) पहिली मागणी अंशतः मान्य झाली. दुसरीच्या वेळी निवेदनासकट मी झोडपली गेले.

तर गेल्या वर्षी, शिमगा झाल्यावर, आमच्या चारकोपमधून सुटे पैसे नाहीसे झाले. बारा आण्यांची कोथिंबीर-मिरची घेऊन रुपया द्यावा, तर मगनभाई वाणी उरलेल्या पैशांऐवजी हातावर गोळ्या ठेवायचा. महिनाभरात आमच्या घरी गोळ्यांची बरणी भरली आणि आईची दाढ किडली. माझं रक्त उसळलं. मी लगेच 'सुटे पैसे कृती समिती' स्थापन केली. समितीत तीन सभासद होते: मी, माझी कॉलेजातली मैत्रीण सुरेखा आणि सुरेखाची सायकल (प्रचारप्रमुख). औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यातून आम्ही पत्रक छापून घेतलं. "सुटे पैसे दाबून ठेवणाऱ्यांनो, याद राखा! तुमच्या डब्यातलं नाणं हे गरिबाच्या ताटातला घास आहे!" रविवारी सकाळी मगनभाईच्या दुकानासमोर सर्वांनी आपापली साठवलेली नाणी आणावीत, नोटा घ्याव्यात आणि नाणी पुन्हा बाजारात सोडावीत, असा कार्यक्रम ठरला. त्याला मी नाव दिलं होतं 'नाणेमुक्ती'.

रविवारी सकाळी उरलेली पत्रकं काढायला मी खाटेखाली वाकले, तर मागे कोपऱ्यात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. हलवून पाहिला, तर आत खळखळ!

झाकण उघडलं. आत कागदाच्या लहान लहान पुड्या, एकावर एक नीट रचलेल्या. एक पुडी सोडली, तर आत चार आणे. दुसरीत दहा पैसे. तिसरीत आठ आणे. माझ्या घरात! कृती समितीच्या मुख्य कार्यालयात! (म्हणजे माझ्या खाटेखाली.) पण खरा घाव पुढेच होता. पुडीचा कागद उलगडून पाहिला, तर वर ठळक अक्षरात "पाणी आमच्या हक्का" एवढंच छापलेलं. 'चे' दुसऱ्या पुडीवर गेलं होतं. माझं पत्रक! माझं मागच्या वर्षीचं पाण्याचं पत्रक, कात्रीनं चार तुकडे करून, पुड्या बांधायला वापरलेलं!

"आई! हा डबा कोणाचा?"

"तुझ्या बापाशीचो," आई मोरीतून म्हणाली. आई कणकवलीकडची, तिला राग आला किंवा कंटाळा आला की मालवणी येते, म्हणजे ती बहुतेक वेळ मालवणीच बोलते. "हात लावू नको गो त्येका."

"आई, हा साठा आहे!"

"साठो? इतक्यात काय साठो? देवळातल्या पेटयेत ह्येच्यापेक्षा जास्ती पडतत."

"प्रश्न किती आहे याचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. मी लोकांना सांगणार, नाणी बाहेर काढा, आणि माझ्याच घरात डबा?"

आईनं हात पुसत डब्यात डोकावून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मगे धुवन तरी ने. कशी काळी पडली आसत बघ. लोक काय म्हणतले, परबाची बायको घरात भांडी घासता काय नाय?"

बाबा पहिल्या पाळीला गेले होते. बाबा बसमध्ये कंडक्टर. दिवसभर 'पुढे सरका' म्हणून ओरडायचं असल्यामुळे घरी ते जवळजवळ बोलतच नाहीत. दुपारी परत आले की खिडकीशी बसून भिंगातून काहीतरी पाहत असायचे. मला वाटायचं, कोणी खोटं नाणं गळ्यात मारलंय का ते बघत असतील. मी कधी विचारलं नाही. माझ्यापुढे सगळ्या जगाचे प्रश्न होते, खिडकीतल्या माणसापर्यंत पाळी यायला वेळ होता.

आईनं चिंच भिजवली, राख आणली, नारळाची शेंडी दिली आणि आम्ही दोघींनी मोरीत बसून एकेक नाणं असं घासलं, असं घासलं, की सिंहांनीही डोळे मिटून घेतले असतील. पुड्यांचे कागद मी भिरकावून दिले. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही. (पत्रक न वाचता फेकणाऱ्या जनतेविषयी मी एकदा अर्धा तास भाषण केलेलं आहे.)

मगनभाईच्या दुकानासमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती. बहुतेक जण हात हलवत आले होते, कारण साठा असलेले सगळे घरी बसले होते. मी स्टुलावर चढले. डबा डोक्यावर धरला. "बंधू-भगिनींनो! साठेबाज कोण, हे शोधायला मी लांब गेले नाही. हा डबा माझ्या वडिलांचा आहे! सुरुवात माझ्या घरापासून!" आणि मी डबा मगनभाईच्या तराजूत ओतला. लखलखाट झाला. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या! मी एकाही नाण्याकडे पाहिलं नाही. मी जनतेकडे पाहत होते.

मगनभाई मात्र नाण्यांकडे पाहत होता. त्याचा धंदाच तो.

"कुंदाबेन, हे आठ आणे जरा विचित्र लागते."

"मगनभाई, जनतेच्या पैशात खोट काढू नका."

"अरे पण ह्याच्यावर आकडाच नाय! दोन्हीकडे सिंह."

"मग एक सिंह जास्तच मिळाला ना? तक्रार कसली?" मी म्हणाले. लोक हसले. मला अजून चेव आला. मी ते नाणं त्याच्या हातातून घेतलं आणि पुढच्याच बाईंच्या हातावर ठेवलं. "घ्या ताई. तुमच्या हक्काचं आहे."

ताई गेल्या. निळी साडी. एवढंच मला आठवतं. पाच मिनिटांत डब्यातली सगळी नाणी घरोघर गेली.

दुपारी बाबा आले. चप्पल काढली, पाणी प्यायले, खिडकीशी बसले, भिंग काढलं आणि खाटेखाली हात घातला. हात बराच वेळ आत राहिला. मग त्यांनी मान वळवली. डबा खिडकीच्या कट्ट्यावर उपडा वाळत होता.

"सगळी?" बाबांनी विचारलं.

"सगळी," मी म्हणाले. अजूनही माझी मान ताठ होती.

"पुड्यांसकट?"

"पुड्या सोडल्या. नाणी धुऊन दिली."

"धुऊन?"

"चिंचेनं. आणि राखेनं."

बाबांनी डोळे मिटले. 'सगळी' ऐकून त्यांचे डोळे उघडे होते. 'चिंचेनं' ऐकून मिटले. आई मोरीच्या दारात उभी होती, ती हळूच आत सरकली.

"बाबा, ओरडा ना," मी म्हणाले. कारण ते ओरडले असते तर माझ्याजवळ उत्तर तयार होतं, मुद्द्यांसह.

"ओरडून काय कुंदे? स्टॉप मागे गेला. आता घंटी मारून काय होणार?"

मग ते उठले, देवाच्या तसबिरीमागून एक पोस्टकार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. गोराईहून आलेलं. टांकसाळीत आयुष्यभर साचे बसवून निवृत्त झालेल्या कोणी पिंटो मास्तरांचं. "येत्या रविवारी सकाळी नाणी घेऊन या. दोन्ही बाजूंना सिंह असलेलं नाणं विशेष जपून आणा. खरं की बनावट, पाहूनच सांगेन." एवढाच मजकूर. पण पत्त्याच्या जागी लिहिलं होतं: 'श्री. परब, नाणे-अभ्यासक, चारकोप.'

नाणे-अभ्यासक! माझ्या बाबांना जग 'ए कंडक्टर' म्हणतं. चांगल्या मनःस्थितीत असलं तर 'ओ कंडक्टर'. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं एक अभ्यासक खिडकीशी बसलेला होता आणि ते गोराईच्या एका अनोळखी माणसाला माहीत होतं, मला नव्हतं.

मग बाबा बोलले. मी जन्मल्यापासून एवढं कधी बोलले नव्हते. साठा-बिठा काही नव्हता. टांकसाळीत छापताना चुकलेली नाणी ते जमवत होते. कुठे छाप एका बाजूला सरकलेला, कुठे सिंह सरळ उभे आणि उलटवलं की आकडा आडवा झोपलेला, कुठे कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडाच गेलेला. तिकिटाच्या पिशवीतून असं एक घेतलं की खिशातलं धड नाणं पिशवीत टाकायचं, हा त्यांचा नियम. आणि दहिसर नाक्याच्या फेरीत त्यांना ते सापडलं होतं. दोन्हीकडे सिंह. पण एका बाजूचे नेहमीसारखे उठलेले, आणि दुसऱ्या बाजूचे खोल गेलेले, आरशात बघावेत तसे उलटे.

"जादूवाले दोन नाणी कापून चिकटवतात, तशातलं नाही," बाबा बोट हवेत फिरवून सांगत होते. "त्याच्या दोन्ही बाजू उठलेल्याच असतात, आणि कडेला सांधा लागतो. ह्याला सांधा नाही. मी पन्नास वेळा बघितलंय. पण मी सांगून कोण मानणार? मास्तर म्हणाले असते, तर झालं असतं."

"किती किंमत असेल बाबा त्याची?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बिनतिकीट पकडली गेले होते. "मला ते विकायचं नव्हतं. मला बरोबर आहे की चूक, एवढंच पाहिजे होतं."

रविवारपर्यंत ते नाणं शोधून आणायचं, असं मी त्या क्षणी ठरवलं. आणि मी जे काही ठरवते त्याचं पत्रक निघतं.

सुरेखानं मजकूर वाचला. "नागरिकांनो, गेल्या रविवारी घेतलेली नाणी खर्च करू नका! घरीच ठेवा! नीट तपासा!" तिनं दोनदा वाचला. "अगं कुंदा, आपण रविवारी बरोब्बर याच्या उलट म्हणालो होतो ना?"

"परिस्थिती बदलली की भूमिका बदलावी लागते."

"तीन दिवसांत? खाली समितीचं नाव तेच ठेवायचंय?"

"तेच ठेव. आपण प्रामाणिक आहोत."

वाट लागली! एका दिवसात बातमी पसरली, की परबांच्या पोरीनं चुकून मौल्यवान नाणी वाटली. आमच्या सेक्टरमध्ये त्यात चांदी होती. पुढच्या सेक्टरमध्ये जाईपर्यंत तिचं सोनं झालं. चारकोप गावात पोचली तेव्हा ती एका राजाची होती आणि तो ती परत न्यायला विमानानं येणार होता. कोणीही हातातलं एकही नाणं सोडेना! जी माणसं आजवर सुटे पैसे दाबत नव्हती, तीही दाबायला लागली. सुट्या पैशांची टंचाई संपवायला निघालेल्या समितीनं सगळ्या सेक्टरांत मिळून चार आणे शिल्लक ठेवले नाहीत!

मगनभाई दुकानातून हात जोडून बाहेर आला. "कुंदाबेन, माझ्या गोळ्या पण संपल्या. सकाळपासून मी सुट्याच्या जागी लवंग देते. आता एक तिसरं पत्रक काढू नको, पाया पडते!"

आणि आमच्या दारात रांग लागली. नाणी तपासून घ्यायला! बाबा ड्यूटीवरून आले तर स्वतःच्या घरात शिरायला त्यांना रांगेतून 'सरका, सरका' करावं लागलं. (ते त्यांना सवयीनं छान जमलं.) मग खिडकीशी टेबल मांडलं, बाबा भिंग घेऊन बसले आणि मी शेजारी.

पहिल्या तावडे वहिनी. "भावजी, ह्या सिंहाला नाकच नाहीये बघा."

"वहिनी, नाक होतं. झिजलंय. पुष्कळ हातांतून गेलेलं नाणं आहे."

"मग आता किंमत किती ह्याची?"

"चार आणे."

"आणि अजून दहा वर्षं ठेवलं तर?"

"चार आणेच."

वहिनी गेल्या आणि थोड्या वेळानं त्यांचे यजमान आले. त्यांच्या नाण्याचा कडेचा तुकडा चंद्रकोरीसारखा गेलेला होता. मी आनंदानं उडालेच. बाबांनी ते बोटांच्या टोकांनी, फक्त कडेला धरून, फिरवलं. "तावडे, कानस कुठली वापरली?"

"कसली कानस? टांकसाळीतूनच असं आलंय!"

"टांकसाळीत कोऱ्या चकतीचाच तुकडा गेला असेल ना, तर छापताना तिथे धातू कमी पडतो आणि बरोबर त्याच्या समोरची कडही पुसट उमटते. तुमची समोरची कड बघा कशी धडधाकट आहे. हे छापून झाल्यावर घरी केलंय."

तावड्यांनी नाणं खिशात घातलं. "सहज बघत होतो, तुम्हाला येतं का," ते म्हणाले. रांगेत हशा पिकला. आणि मागून कोणीतरी म्हणालं, "परबांना सगळं येतं रे." बाबांचे कान लाल झाले. माणसाचे कान आनंदानंही लाल होतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तीन दिवसांत मीही थोडं शिकले. उठलेली रेघ असली तर साच्याला चीर गेलेली. खोल रेघ असली तर नंतर कोणीतरी ओरखडा काढलेला. बाबा म्हणाले, "उठलेली टांकसाळीची, खोल माणसाची." मी परत आलेलं आमचं एक नाणं भिंगाखाली धरलं. चारी बाजूंनी बारीक बारीक खोल रेघा, नारळाच्या शेंडीच्या. मी भिंग खाली ठेवलं.

निम्म्याहून जास्त नाणी परत आली, बहुतेकांनी काही न घेता दिली. निळ्या साडीच्या बाई आल्या नाहीत. मी आणि सुरेखा सायकलवरून सेक्टर-सेक्टर फिरलो. वाळत घातलेली निळी साडी दिसली की दार वाजवायचं. एका घरात आमचं ऐकून घेऊन चहा दिला, एका घरात कुत्रं सोडलं, आणि एका बाईंनी "माझ्या साडीवर तुमचा डोळा कशाला?" म्हणून समितीला हाकलून दिलं. नाणं मिळालं नाही.

शनिवारी संध्याकाळी बाबा डबा आवरत होते, तेव्हा आईनं गुपचूप त्यांच्यापुढे एक गठ्ठा ठेवला. माझी पत्रकं, चौथाई केलेली. मी फेकलेल्या पुड्यांचे कागद! तिनं बंबात घालायला उचलून ठेवले होते, आणि आठवड्याभरात आंघोळीच्या पाण्याला एकही लावला नव्हता. उलट तांब्यात कढत पाणी भरून एकेक चुरगळलेला कागद तिनं इस्त्रीसारखा सपाट केला होता.

"माका काय ठाऊक होता, घासल्यान वाटोळा होता म्हणान," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "आमच्याकडे जा मोलाचा आसता, ता आमी घासतोच."

बाबांनी एक कागद बोटांनी चाचपला. कागद तिच्याकडे सरकवून म्हणाले, "चांगली केलीस इस्त्री." एवढंच. पण आई रात्रीच्या भाकऱ्या करताना गुणगुणत होती.

मग मी ते कागद वाचले. पहिल्यांदाच. "दहा पैसे. छाप वर सरकला, खाली नखाएवढी जागा कोरी. बोरिवलीची फेरी. म्हाताऱ्या आजींनी दिलं. त्यांना चूक दाखवली. म्हणाल्या, माझा नवरा पण असाच सरकलेला होता. खूप हसल्या." दुसरा: "चार आणे. चीर सिंहाच्या पायापासून कडेपर्यंत. शाळेतल्या मुलानं दिलं. परत हवं का विचारलं. नको म्हणाला." आणि शेवटचा: "आठ आणे. दोन्हीकडे सिंह. एक उठलेला, एक खोल, उलटा. देणाऱ्याला सांगितलं, हे वेगळं आहे, ठेवून घ्या. म्हणाला, तुमचे डोळे ओळखतात, तुम्हीच ठेवा. त्याला दोन दिली."

प्रत्येक नाणं कोणाकडून आलं, त्या माणसाला सांगितलं का, सगळं लिहिलेलं. एकही उद्गारचिन्ह नाही. माझ्या पत्रकाची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा कितीतरी चांगली लिहिलेली होती!

रविवारी सकाळी आम्ही होडीतून गोराईला गेलो. डबा मी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. बाबांनी लग्नातला सदरा घातला होता. पिंटो मास्तर ओट्यावर बसले होते, पांढरी मिशी, गुडघ्यावर पंचा, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. त्यांनी पहिलं नाणं उचललं.

"धुतलंय."

दुसरं उचललं. "धुतलंय."

तिसरं. "हे पण धुतलंय." चौथं, पाचवं, दहावं. "धुतलंय. धुतलंय. अरे देवा, हे तर घासलंय! चुका खऱ्या आहेत परब, सगळ्या खऱ्या आहेत. पण एकालाही दर्जा देता येणार नाही. अंगावर एवढे ओरखडे! कोणी केलं हे?"

बाबा म्हणाले, "माझ्याकडून झालं जरा."

मला ते सहन झालं नाही. "मी केलं. चिंचेनं. त्यांना न विचारता. आणि वाटून टाकली. दोन सिंहांचंही मीच वाटलं."

मास्तरांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "चिंच? पोरी, चिंच आम्ही बांगड्याच्या कालवणात घालतो!"

मी डब्याच्या तळातून तो कागद काढून त्यांना दिला. त्यांनी वाचला. परत वाचला. मग त्यांनी नजर समोरच्या माडांकडे वळवली.

"पहिलं नाणं साच्याला चिकटून राहिलं, आणि खाली दुसरी कोरी चकती आली, तर असं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "चिकटलेल्या नाण्याचाच ठसा तिच्यावर खोल आणि उलटा उमटतो. असं एक जरी बाहेर गेलं ना, तर आमची मान खाली. साचा बसवणाऱ्याची चूक. मी किती पकडली, आणि सुटलेलं एकसुद्धा परत बघितलं नाही. तुम्ही बघितलंत परब. हे लिहिलंय तसंच दिसतं ते, अगदी असंच." त्यांनी कागद घडी करून बाबांच्या हातात दिला. "खरं होतं ते. बनावट करणाऱ्याला खोल बाजू सुचत नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांना 'बरोबर' हा निकाल मिळाला होता, नाण्याशिवाय. मग मास्तरांनी आतून एक डबी आणली, त्यातून एक रुपया काढून बाबांपुढे धरला आणि म्हणाले, "ही रेघ मला आता नीट दिसत नाही. डोळे गेले. उठलेली आहे की खोल, तुम्ही सांगा."

बाबांनी सदऱ्याला हात पुसले, नाणं कडेनं धरलं, उन्हाकडे वळले आणि बघायला लागले. मी गप्प बसले. (नोंद असावी.)

आता बाबा महिन्यातून एका रविवारी गोराईला जातात. मास्तर नाणी काढतात, बाबा बघून सांगतात, मास्तर लिहून घेतात. आणि दर वेळी निघताना मास्तर विचारतात, "त्या दोघा सिंहांचं काही कळलं?" डोळे पुरते जायच्या आत त्यांना आपली चूक एकदा बघायची आहे. बाबांना ती त्यांना दाखवायची आहे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे, आणि ही मागणी नव्हे, विनंतीच आहे. हे वाचून झालं की उठा, खिसा, पर्स, देव्हारा, डाळीचा डबा, जिथे कुठे आठ आणे असतील ते बाहेर काढा आणि दोन्ही बाजू बघा. दोन्हीकडे सिंह दिसले, तर ते नाणं पुसू नका, धुऊ नका, आहे तसं कागदात गुंडाळा आणि चारकोपला आमच्या घरी आणा. दार मी उघडलं, तर "बाबा आहेत का?" एवढंच विचारा. आणि ते बाहेर येईपर्यंत, मी कितीही आग्रह केला तरी, मूठ उघडू नका!